‘पर्यंत’पाशी अडलेली माझी इंग्रजी

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ कामाच्या मेलमध्ये मी हे वाक्य लिहिलं आणि पलीकडून विचारणा आली: रिपोर्ट तर एकच आहे, मग शुक्रवारपर्यंत रोज काय पाठवणार? प्रश्न सरळ होता, तरी मला तो कळेना. ‘शुक्रवारपर्यंत पाठवते’ एवढंच तर मी म्हटलं होतं!

त्याआधीपासून मी एका क्लासला जात होते. वही तपासून आली की ‘टिल’भोवती लाल गोल आणि वर ‘बाय’ लिहिलेलं असायचं. का, ते कधीच नसायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘वाचत राहा, कानाला सवय होईल.’ याचा मला आजही राग येतो. वाचन हवंच, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसाने कान तयार होण्याची वाट किती बघायची? पाच मिनिटांत सांगण्यासारखं कारण होतं आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

बाकीचं त्या मानाने लवकर बसलं. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ॲट नाइट’, आणि सकाळला वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. आठवड्याभरात हे हातात बसलं.

‘पर्यंत’ मात्र बसेना. ‘शुक्रवारपर्यंत थांब’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पैसे भर’, मराठीत दोन्हीकडे तेच अव्यय. थांबणं शुक्रवार येईतो चालू राहतं आणि पैसे एकदाच भरायचे असतात, हा फरक आपण क्रियापदावरून आपोआप ओळखतो. म्हणूनच तो आहे हे लक्षातही येत नाही. इंग्रजीत तो अव्ययानेच दाखवावा लागतो. चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘अनटिल’: ‘वेट अनटिल फ्रायडे’. मुदतीच्या आत एकदा उरकायच्या गोष्टीला ‘बाय’: ‘पे बाय फ्रायडे’. ‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांचा अर्थ एकच, त्यामुळे त्यांच्यात निवड करत बसू नका.

मी ते कसं ओळखते ते सांगते. मराठी वाक्यातल्या क्रियापदाला ‘राहणे’ जोडायचं. ‘शुक्रवारपर्यंत थांबून राहीन’ चालतं, म्हणजे ‘अनटिल’. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवत राहीन’ म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणजे ‘बाय’. आणि मेलमधल्या माणसाने नेमका तो बदललेला अर्थ वाचला होता!

याआधी मी ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघायचे, पण त्याने वेगळीच चूक व्हायला लागली. ‘च्या आत’ म्हटलं की हात ‘विदिन’कडे जातो आणि ‘विदिन फ्रायडे’ असं काहीतरी लिहिलं जातं. ‘विदिन’ला कालावधी लागतो, ‘विदिन टू डेज’. शिवाय ‘शुक्रवारच्या आत’ म्हणजे गुरुवारीच संपवायचं असंही वाटतं. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार सहसा धरलेला असतो.

नकाराने मला पुन्हा गोंधळात टाकलं. ‘सोमवारपर्यंत मी येणार नाही.’ येणं तर एकदाच होतं, म्हणून मी ‘बाय’ लिहिलं. ते चुकलं. इथे चालू राहतं ते न येणं, म्हणून ‘आय वोन्ट कम अनटिल मंडे’. हे कळलं त्या दिवशी मी जुनी वही काढून प्रत्येक लाल गोलाशेजारी कारण लिहिलं. एकही उरला नाही, आणि त्या पानांचा मला अभिमान वाटतो.

अंतराच्या ‘पर्यंत’ला यातलं काहीच लागू नाही. स्टेशनपर्यंत चालत जायचं तर ‘ॲज फार ॲज द स्टेशन’, दहाव्या पानापर्यंत वाचायचं तर ‘अप टू पेज टेन’.

‘पासून’ही असंच फसवतं, हे आधीच सांगायला हवं होतं. ‘सोमवारपासून’ला ‘सिन्स मंडे’, पण ‘दोन वर्षांपासून’ला ‘फॉर टू इयर्स’. आधीच सुरू झालेल्या गोष्टीच्या सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, मोजलेला काळ असेल तर ‘फॉर’. आणि ‘-शी’ दिसलं की दरवेळी ‘विथ’ लावू नका: अमक्याशी लग्न झालंय हे ‘मॅरिड टू’. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ नको, विषय जोडायला त्या क्रियापदाला अव्यय लागतच नाही.

सुट्टीच्या मेलमध्ये मात्र बरोबर ‘अनटिल’ही पुरत नाही. ‘ऑन लीव्ह अनटिल ट्यूझडे’ लिहिलं की मंगळवारी मी असेन की नसेन, हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून मी परतण्याचा दिवसच लिहिते: ‘बॅक ऑन वेन्सडे’.