‘घोरतात ना हे, म्हणून विचारलं’

वय ५२, क्लिनिकच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेलेले गृहस्थ, तिसऱ्यांदा आत आले ते फक्त ठणका सहन होईना म्हणून. खालची डावीकडची दाढ, आतली नस इतकी चिडलेली की गार पाणी लागलं तरी कळवळायचे. रूट कॅनल लागणार हे एक्सरे बघून लगेच ठरलं, पण ते म्हणाले, मॅडम काय करायचं ते करा पण पूर्ण झोपवून करा, मला ड्रिलचा आवाजसुद्धा ऐकू यायला नको.

आम्ही अशा पेशंटकडून पाच प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतो, उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हटलं तर काय वाटेल, ड्रिल सुरू होणार म्हटलं तर काय, इंजेक्शन म्हटलं तर काय वगैरे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, आणि बेरीज १९ किंवा त्याच्या वर गेली की भीती फारच टोकाची समजायची. यांचे २३ आले. फॉर्म भरताना पेन हातात घामाने घसरत होतं.

‘झोपवून’ म्हणजे नक्की काय हे समजावण्यात माझा निम्मा वेळ जातो कारण लोक बधिर करणं, सेडेशन आणि पूर्ण भूल हे तिन्ही एकच समजतात. बधिर करायचं इंजेक्शन दुखणं थांबवतं, भीतीचं काही करत नाही. सेडेशन भीती उतरवतं पण दुखणं थांबवत नाही, त्यामुळे सेडेशन दिलं तरी बधिर करावंच लागतं (हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो). आणि पूर्ण भूल म्हणजे थेट हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटर, एका दाढेसाठी मी तिथपर्यंत सहसा जात नाही.

तर ठरलं की शिरेतून मिडाझोलाम हे सेडेशनचं औषध द्यायचं, भूलतज्ज्ञ डॉक्टर येणार, एकेक मिलिग्रॅम देत बघत बघत पुढे जाणार. या औषधाची गंमत अशी की पेशंट आपल्याशी बोलतो, तोंड उघडा म्हटलं की उघडतो आणि नंतर त्याला त्यातलं फारसं काही आठवतच नाही, एका बाईंनी तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं होतं की तुम्ही खरंच काही केलंत ना. यांना हेच हवं होतं. सहा तास उपाशी या, सोबत मोठं माणूस आणा, २४ तास गाडी चालवायची नाही, सगळं सांगून झालं, वेदनाशामक दिलं आणि दोन दिवसांनी बोलावलं.

मी तेव्हा त्यांना झोप कशी लागते हेही विचारलं होतं. ‘एकदम मस्त’ म्हणाले. मी फॉर्मवर टिक केली.

ठरल्या दिवशी बायकोबरोबर आले, बीपी १६८/१००, एवढं घाबरलेल्या माणसाचं वाढणारच आणि गोळीही चालू होतीच. बोटाला ऑक्सिमीटर लावला, भूलतज्ज्ञ शीर शोधत होत्या, मी यांच्या मिसेसना घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची ते सांगत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, घरी यांना उताणं झोपवलं तर चालेल ना? म्हटलं का हो? तर म्हणाल्या, घोरतात ना हे, म्हणून विचारलं, मधेच श्वास अडकतो, मग मी कोपराने ढोसते की परत सुरू होतो.

भूलतज्ज्ञांनी सुई खाली ठेवली. आवाज न करता, ट्रेमध्ये.

मग आठ प्रश्न झाले, जे मी दोन दिवस आधीच बायकोला विचारायला हवे होते. मोठ्याने घोरतात का, दिवसा पेंगतात का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, वजन, वय, गळ्याचा घेर, पुरुष की बाई. आठपैकी सहा ‘हो’. पाच किंवा त्याच्या वर गेलं की स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास सारखा थांबायच्या आजाराची, शक्यता जास्त धरतात. अशा माणसाला मिडाझोलाम दिलं की घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, जीभ मागे सरकते, त्यात माणूस चेअरवर आडवा आणि तोंडात मी पाणी मारतेय. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल जवळ असतं खरं, पण त्याचा असर मिडाझोलामच्या आधी संपतो आणि पेशंट परत गुंगीत जाऊ शकतो. भूलतज्ज्ञ सरळ म्हणाल्या, मी यांना इथे देणार नाही, आधी झोपेची तपासणी होऊ दे, मग हॉस्पिटलमध्ये बघू.

गृहस्थ भडकले. सहा तास उपाशी, दोन रात्री जागून मनाची तयारी केलेली, आणि आता नाही म्हणताय? बायकोवर पण चिडले, तुला आत्ताच बोलायचं होतं का. मग किमान गुंगीची गोळी तरी द्या म्हणाले, ती पण त्याच जातीची आणि वर तिचा डोस दिल्यानंतर कमीजास्त करता येत नाही, म्हणून तीही नको. उठून निघालेच होते. मी म्हटलं दहा मिनिटं बसा, गॅस बघू, नाही जमलं तर जा.

नायट्रस ऑक्साइड. हा गॅस या ताकदीला श्वास दाबत नाही आणि मशीन ३० टक्क्यांच्या खाली ऑक्सिजन जाऊच देत नाही. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत ना ते आधी बघितलं, सर्दी असती तर हाही रस्ता बंद. नाकावर मास्क, आधी नुसता ऑक्सिजन, मग १० टक्के गॅस, मग थोडा थोडा वर. इथे घाई केली की फसतं. होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने १८४४ मध्ये हाच गॅस घेऊन स्वतःचा दात काढून घेतला होता आणि पुढच्याच महिन्यात बोस्टनला सगळ्यांसमोर करून दाखवायला गेला तर पेशंट ओरडला, लोकांनी हुर्यो उडवली, गॅसची पिशवी लवकर काढली असं तो नंतर म्हणाला. मी हे सगळं यांना सांगत बसले कारण गप्प राहिलं की ते तोंडाने श्वास घ्यायचे आणि गॅस वाया जायचा. ३० टक्क्यांना म्हणाले, बोटांना मुंग्या येतायत. ३५ ला पाय हलायचे थांबले, तोपर्यंत एक पाय सारखा चेअरवर टकटक करत होता.

इंजेक्शनच्या आधी सांगितलं की यात ॲड्रेनालिन आहे, मिनिटभर छाती धडधडेल, ती औषधाची धडधड, घाबरू नका. हे न सांगितल्यामुळे किती पेशंट पळवले असतील आमच्या लोकांनी कुणास ठाऊक. ओठ जड झाला, अर्धी जीभ जड झाली, ड्रिल लावलं आणि यांचा डावा हात वर. आमचं ठरलं होतं हात वर की मी थांबणार. थांबले. अशा चिडलेल्या नसेत हे होतं, ओठ पूर्ण बधिर असतो आणि दाढ मात्र जागीच असते.

मास्कच्या खालून जाड आवाजात म्हणाले, “खरंच थांबलात की.” मग हळूहळू बाहेर आलं की पंचवीस वर्षांपूर्वी एक दाढ काढताना हे ओरडत होते आणि समोरचा म्हणत होता, बधिर आहे, तुम्हाला फक्त दाब जाणवतोय. बायकोलाही माहीत नव्हतं हे.

दात आणि हिरडीच्या फटीत बारीक सुईने आणखी थोडं औषध दिलं, गार कापूस लावून बघितला, काहीच नाही. मग चाळीस मिनिटांत नस काढून झाली, हात आणखी एकदा वर आला तो थुंकायला. शेवटी गॅस बंद करून पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन, बीपी १४२/८८.

उठल्यावर पहिला प्रश्न, गाडी चालवू का? गॅस लवकर उतरतो, माणूस ठीक वाटला तर थोड्या वेळाने खरं तर हरकत नसते, आणि मी तसं सांगणारच होते, पण किल्ली आधीच मिसेसच्या हातात होती. “मी चालवणार, आणि येत्या आठवड्यात झोपेची ती तपासणी.” मी मान खाली घालून फाइल लिहीत राहिले.