तुम्ही विचारलंत म्हणून: लॉजच्या दारातले माणकजी

रविवारी सकाळी मी मुंबईच्या फोर्ट भागात लोकांना जुन्या इमारती दाखवत हिंडते. स्टर्लिंग सिनेमापाशी फ्रीमेसन्स हॉल दिसला की कुणीतरी विचारतंच, "हे तर इंग्रजांचं गुप्त मंडळ ना? मग यात आपली माणसं शिरली कशी?" फुटपाथवर पाच मिनिटांत त्याचं उत्तर नीट देता येत नाही, ते मनात राहून जातं. म्हणून आज लिहायलाच बसले.

आधी थोडक्यात, हे फ्रीमेसन लोक कोण? मेसन म्हणजे गवंडी. दगडी चर्च बांधणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघटनांशी हे लोक आपलं नातं सांगतात. गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंड्याची हत्यारं त्यांनी चांगल्या वागणुकीच्या खुणा म्हणून घेतली. गुण्यात बसेल असं सरळ वागावं, पाणसळीवर सगळे सारखे, असा त्यांचा अर्थ. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. 1717 मध्ये लंडनच्या लॉजांनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या शाखांवरची मुख्य संस्था, स्थापन केलं आणि पुढच्या दीड दशकातच कलकत्त्याला, फोर्ट विल्यममध्ये, लॉज भरू लागलं. अठराव्या शतकातच ते मुंबईतही आलं. सभासद व्हायला एकच श्रद्धा लागते, एका परमेश्वरावरची. तो कोणत्या धर्माचा हे विचारायचं नाही, असा नियम कागदावर पहिल्यापासून होता. मुंबईत मात्र सभासद गोरेच असायचे.

आता माणकजी खरशेटजींकडे येते. यांच्याबद्दल मला बोलायला आवडतं, त्यामुळे थोडं लांबेल.

माणकजी पारशी, जन्म 1808 चा. चांगले शिकलेले, पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले. तोंडावर दार बंद होणं त्यांना नवं नव्हतं. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनंही त्यांना आधी नाकारलं होतं आणि 1840 साली कुठे आत घेतलं. मग ते युरोपच्या प्रवासाला गेले. पॅरिसमधल्या एका लॉजनं त्यांना दीक्षा दिली, म्हणजे ते रीतसर मेसन झाले. जगातल्या कुठल्याही लॉजमध्ये त्यांना 'बंधू' म्हणायला हवं, असा तो हक्क. तो घेऊन ते मुंबईला परतले आणि इथल्या लॉज पर्सिव्हरन्समध्ये प्रवेश मागितला. पर्सिव्हरन्सनं नकार दिला.

लॉजमध्ये मतदान पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांनी होतं, पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. पेटीत हात घालायचा, गोटी सोडायची. कुणी कुठली टाकली ते कळत नाही. मला ही पद्धत समजली तेव्हा सर्वांत आधी माणकजी आठवले. त्यांना नाकारताना नेमकं काय घडलं असेल ते असो, पण असा नकार मिळालेल्या माणसाला भांडायलासुद्धा समोर कुणी नसतं.

इथे दुसरा माणूस येतो. डॉक्टर जेम्स बर्न्स, स्कॉटलंडमधल्या माँट्रोजचे, कंपनी सरकारचे वैद्य. 1836 पासून पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजांचे, म्हणजे स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालच्या शाखांचे, ते प्रमुख होते. माणकजींना पर्सिव्हरन्सनं घेतलं नाही, तेव्हा बर्न्स आणि त्यांच्या सोबत्यांनी डिसेंबर 1843 मध्ये नवं लॉजच काढलं. नाव ठेवलं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया', स्कॉटलंडच्या यादीत क्रमांक 342. हेतू उघड होता, भारतीयांना आत घेणं. माणकजी त्याचे चिटणीस झाले आणि पहिल्या दीक्षार्थींत मुसलमान होते, पारशी होते.

बर्न्स यांची एक गोष्ट मी दर वेळी सांगते. त्यांचे दोन धाकटे भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, नोव्हेंबर 1841 मध्ये काबूलमधल्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात एकाच दिवशी मारले गेले. इंग्रजांच्या घराघरांत तेव्हा काबूलचा सूड घ्यायची भाषा होती. आणि दोन वर्षांनी हा माणूस मुंबईत मुसलमानांना लॉजमध्ये बंधू म्हणून घेतो! बर्न्स यांचं मोठेपण मी यातच बघते.

तरी कौतुकात एक गोष्ट झाकली जाऊ नये. नवं लॉज निघालं, त्यामुळे जुन्यांना बदलावंच लागलं नाही. ज्यांना भारतीयांच्या शेजारी बसायचं नव्हतं, ते आपापल्या लॉजात सुखानं बसून राहिले. समतेची शपथ एकच आणि बैठका वेगळ्या, असं झालं. मला हे टोचतं, आणि माणकजींनाही टोचलं असणार असं माझं मन सांगतं.

हिंदूंना तर आणखी थांबावं लागलं. तुमचे देव अनेक, तर एका परमेश्वरावर श्रद्धा कशी, हा एक आक्षेप. जातीपातीमुळे तुम्ही एका टेबलावर जेवणार कसे, हा दुसरा. वेदान्त शिकलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याचं काही ऐकूनच न घेणं. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी कित्येक वर्षं अर्ज आणि पत्रव्यवहार केला, तेव्हा 1872 साली त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर बारा वर्षांनी, 1884 मध्ये, त्याच शहरातल्या एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. पुढे तो विवेकानंद झाला.

मुंबईत पारशांनी मात्र लॉज आपलंसं केलं. प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा हे तर मेसन म्हणून इतके जुने आणि मानाचे, की 1907 मध्ये त्यांच्या गौरवाचा खास मेसॉनिक ग्रंथ निघाला. 1961 मध्ये भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झालं. आता शपथेसाठी वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवलेले असतात, गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथसाहिब. दीक्षार्थीनं आपल्या ग्रंथावर हात ठेवायचा.

एवढं सांगून झालं की घोळक्यातली एखादी मुलगी विचारते, "ताई, बायकांना घेतात का?" नाही. या लॉजांत आजही घेत नाहीत. मीही इतकी वर्षं ही इमारत दाखवते ती फाटकाबाहेर उभी राहून.

म्हणून तिथून मी सगळ्यांना चालवत हजारीमल सोमाणी मार्गावर नेते, चार-पाच मिनिटांचा रस्ता आहे. तिथे अलेक्झांड्रा मुलींची शाळा आहे. 1863 साली ती सुरू झाली, त्या वर्षी इंग्लंडच्या युवराजाशी लग्न झालेल्या अलेक्झांड्राचं नाव तिला दिलं. हिंदुस्थानी मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून ज्यांनी ती काढली, ते माणकजी खरशेटजी. मुलींना इंग्रजी शिकवणं म्हणजे घर बिघडवणं, असं शहाणीसुरती माणसंही तेव्हा म्हणत होती. माणकजींनी त्याआधीच आपल्या मुलींसाठी घरी युरोपियन शिक्षिका ठेवली होती.

रविवारी शाळेचं फाटक बंद असतं. आम्ही बाहेरूनच पाटी वाचतो. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी जरा पुढे घेते, म्हणजे तिला नीट वाचता येतं.