गटारापाशी अडकलेला ग्रुप

2013 ला ब्रिटिश म्युझियममध्ये पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या इटलीतल्या, राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, मार्च ते सप्टेंबर. मी तेव्हा लंडनमध्ये मराठी टूर ग्रुप फिरवायचे, बहुतेक सगळे रिटायर्ड काका-काकू. मांडणी रोमन घरासारखी होती, आधी पुढचा चौक, मग झोपायची खोली, बाग, स्वयंपाकघर वगैरे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हर्क्युलेनियमवर एवढ्या गरम राखेचा लोट आला की लाकूड जळून न जाता त्याचा कोळसा झाला आणि तसाच टिकला. म्हणून तर तिथला पाव, स्टूल, बाळाचा पाळणा आज बघायला मिळतो. पावावर चक्क शिक्का आहे, क्विंटस ग्रेनियस व्हेरस याचा गुलाम सेलेर.

पाळण्यापाशी काकू मंडळी थांबली, हळहळली. स्वयंपाकघरात मात्र वेगळंच सुरू झालं. मी सांगितलं की रोमन घरात संडास बऱ्याचदा चुलीच्या शेजारीच असायचा. "शी! स्वयंपाकघरात?" एवढ्या जोरात आलं ना की आजूबाजूचे गोरे वळून बघायला लागले.

तिथेच पुढे हर्क्युलेनियमच्या एका गटारात सापडलेल्या वस्तू होत्या. कार्डो पाच नावाच्या रस्त्यावर दुकानं, वर फ्लॅट, आणि त्या सगळ्यांचा मैला खालच्या एकाच गटारात. संशोधकांनी आतून सातशेच्या वर पोती माल काढला. मी हे पटकन उरकून पुढे निघणार तर ग्रुपमधले एक काका, नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यातून रिटायर झालेले, जागचे हलेचनात. म्हणाले, "अहो ताई, थांबा जरा, एवढा माल साठला म्हणजे ते वाहतच नव्हतं, ह्याला आउटलेट आहे का?" मी म्हटलं नाही, बाहेर जायला वाटच नाही त्याला. "मग हे गटार कसलं, सेप्टिक टँक आहे हा!" आणि काका सुटलेच, स्लोप काय, उपसा काय, वरून घरातलं पाणी किती येणार, सगळं हातवारे करून, आणि निम्मा ग्रुप माझ्याकडे पाठ करून त्यांचं ऐकतोय. खरं सांगू, माझ्यापेक्षा भारी सांगत होते.

मग मी त्यात काय काय निघालं ते सांगितलं. माशांचे काटे, समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव), अंड्यांची टरफलं, अंजिराच्या बिया, शिवाय तुटकी भांडी, नाणी. वर राहणारे काही सरदार नव्हते, साधे भाडेकरू, तरी ताटात एवढे प्रकार! भिंतीवरची सुंदर चित्रं बघून हे कळत नाही, ती पैसेवाल्यांची. मला तरी अख्ख्या प्रदर्शनात हाच भाग सगळ्यात खरा वाटतो.

"पण उपसायचं कोण?" एका काकूंनी विचारलं. हर्क्युलेनियमलाच भिंतीवर खरडलेला एक हिशोब सापडलाय, मैला उपसल्याचे 11 अस, म्हणजे तांब्याची नाणी. काकांनी लगेच विचारलं, "एका खेपेचे की सगळ्याचे मिळून?"

भिंतीवर तेवढं लिहिलेलं नाहीये. काकांनी तरी वहीत 11 लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि मी उरलेल्या लोकांना शोधायला गिफ्ट शॉपकडे पळाले.