आमची वाटचाल : साइड गार्ड, चॅसी आणि गंज

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडात वडिलांनी वेल्डिंग मशीन टाकलं, तेव्हा कामं असायची शटर, ग्रिल आणि ट्रॉलीच्या फाळक्यांची. पिकअपला साइड गार्ड, म्हणजे हौद्याच्या बाजूनं संरक्षक पाइप, मागायला लोक यायला लागले ते उसामुळे. भरलेली ट्रॉली वळणावर शेजारच्या गाडीचा हौदा कसा सोलून नेते, हे ज्यानं बघितलंय त्याला गार्डचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पुढचे बंपर गार्डही आम्ही करायचो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून ते काम बंद. गिऱ्हाईक अजून मागतं. बाजूचा पाइपसुद्धा आम्ही हौद्याच्या रुंदीबाहेर जाऊ देत नाही.

धंद्याला खरं वळण दिलं ते २०१९ च्या महापुरानं. पंचगंगेच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे कितीतरी महिने येत राहिल्या. कुणीतरी कधीतरी बसवलेला गार्ड खोलला, की ब्रॅकेटमागे वाळलेल्या गाळाची वडी दिसायची. स्क्रूड्रायव्हरनं ती उकरली, की सोबत चॅसीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे, पापुद्रे सुटायचे. गार्ड मात्र ठणठणीत! मालक गार्डकडे बघून खूश असायचा, आणि आम्ही टॉर्च मारून खाली बघत असायचो.

गंज सुरू होतो तो भोकापासून. ड्रिल मारलं की कंपनीचा रंग फाटतो, कडेला उघडं लोखंड राहतं आणि ओलाव्याला तेवढं पुरतं. वेल्डिंग मारलं तर आणखी वाईट: बंद चॅसीत आतला रंग उष्णतेनं जळतो आणि तिथं ब्रश पोचत नाही.

म्हणून आमच्याकडे चॅसीला वेल्डिंग नाही. कंपनीनं ठेवलेली रिकामी भोकं आधी शोधायची, नाहीतर क्लॅम्प लावायचा. पाडायचंच असेल तर भोक उभ्या पट्टीत. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, सगळा ताण तिथं असतो. मग कानस मारून भोकाच्या कडेची धार (बर) काढायची, झिंक प्रायमर, त्यावर रंग, आणि रंग वाळल्यावरच बोल्ट. नुसत्या रेड ऑक्साइडवर आमचा भरवसा नाही. शेवटी चॅसीच्या पोकळीत लांब नळीनं मेणाचा फवारा. चॅसीची पाणी निथळायची भोकं मात्र मोकळीच ठेवायची. मेणानं ती बुजली तर सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः.

गार्ड आधी पूर्ण जोडून मगच गॅल्वनाइझिंगला, म्हणजे जस्ताचा थर चढवायला, पाठवतो. गॅल्वनाइझ पाइपवर वेल्डिंग केलं तर जोडावरचं जस्त उडून जातं, आणि तो धूर पोरांच्या छातीत जातो तो वेगळाच. ‘स्टीलचा लावा, चकाचक दिसतोय’ असा आग्रह धरणारे भेटतात. स्टेनलेस जिथं साध्या लोखंडाला टेकतं तिथं ओलाव्यात लोखंडालाच आधी गंज खातो, हे त्यांना समजवायला एक चहा जातो. तरीही हवाच असेल, तर मध्ये नायलॉनचे वायसर घालून देतो.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे कोकणातून मासे आणणारे. बर्फाचं पाणी मिठासकट हौद्यातून चॅसीवर ठिबकतं, वर गगनबावड्याचा पाऊस. या गाड्यांना मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, फेरतपासणीला बोलावतो: बोल्ट आवळायचे, ब्रॅकेटमागचा चिखल काढायचा, मेण पुन्हा मारायचं. एकच अट असते, गाडी गोड्या पाण्यानं धुवून आणायची. खालूनसुद्धा. तिच्याखाली झोपून काम आम्हालाच करायचं असतं.