तुम्ही विचारलंत म्हणून: हे सरदारजी आमचे कोण?

ऑरेगनमधल्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन सैनिकांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. पहिले माझ्या वडिलांचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या गणवेशातले. त्याविषयी कोणी काही विचारत नाही, कारण सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या घरी असे छायाचित्र असायचेच. दुसऱ्यात अमेरिकी लष्कराच्या गणवेशातले, पगडी बांधलेले एक तरुण शीख गृहस्थ आहेत, आणि जेवायला आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, "काका, हे सरदारजी तुमचे कोण?" नात्याने ते आमचे कोणी नाहीत, तरीही त्यांना वडिलांशेजारी जागा का दिली, ते आज नीट लिहून ठेवतो.

त्यांचे नाव भगत सिंग थिंद. हुतात्मा भगतसिंग वेगळे. अमृतसर जिल्ह्यात १८९२ मध्ये जन्मलेले थिंद १९१३ मध्ये अमेरिकेत आले आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ऑरेगनमधल्या लाकूड गिरण्यांत राबले. पहिले महायुद्ध चालू असताना, जुलै १९१८ मध्ये, ते येथील लष्करात दाखल झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइस छावणीत त्यांनी पगडी कायम ठेवली आणि नोव्हेंबरात हंगामी सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ९ डिसेंबरला, अंगावर गणवेश असतानाच, त्यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला आणि चार दिवसांत तो रद्द झाला, कारण त्या काळच्या नागरिकत्वाच्या कायद्याच्या अर्थाने ते ‘गोरे’ नव्हते. १६ डिसेंबरला लष्कराने त्यांना सन्मानाने सेवामुक्त केले तेव्हा त्यांची वर्तणूक ‘उत्कृष्ट’ म्हणून नोंदवली. मी फौजीचा मुलगा आहे. वडिलांचे डिस्चार्ज बुक आमच्या घरी देवघराच्या फडताळात पोथ्यांबरोबर ठेवलेले असे, त्यामुळे अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने त्यांच्या हाती आलेले हे दोन निर्णय माझ्या मनातून कधी जात नाहीत.

थिंद यांनी पुन्हा अर्ज केला. ते गदर चळवळीतल्या लोकांच्या संपर्कात आहेत आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करतात, हाही आक्षेप सरकारने घेतला. तरी ऑरेगनच्या संघीय न्यायालयाने १९२० मध्ये त्यांना नागरिकत्व दिले, आणि सरकार वरच्या न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलांमध्ये सखाराम गणेश पंडित होते. अहमदाबादला जन्मलेल्या या वकिलांचे नाव आपल्या कानाला घरचेच वाटते. सर्वोच्च न्यायालयापुढे थिंद यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, तो वाचताना मला आजही त्रास होतो. आपण उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोऱ्यांमध्ये मोडतो, असे तेथे मांडले गेले. जातीच्या अभिमानाची शिडी लावून दुसऱ्या देशाच्या दारात चढण्याचा तो प्रयत्न होता, आणि कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती हे मान्य करूनही मी त्याचे समर्थन करणार नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून येथे आलेले होते.

त्यानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्याचे खटले सुरू झाले. पंडित यांच्यावरही खटला झाला, पण तो त्यांनी जिंकला. थिंद यांना मात्र १९३५ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी पहिल्या महायुद्धातल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधून त्यांना ते तिसऱ्यांदा आणि कायमचे मिळाले. १९४० मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी विवियन डेव्हिस यांच्याशी लग्न केले. पुढे त्यांना मुलगा झाला, आणि अध्यात्मावर व्याख्याने देत, पुस्तके लिहीत त्यांनी १९६७ पर्यंतचे आयुष्य काढले.

संसार इतक्या उशिरा का, याचे कारण त्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पण त्या काळचा कायदा सांगू शकतो. १९२२ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला नागरिक होण्याचा हक्कच नाही अशा परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व जात असे, आणि हे कलम १९३१ मध्ये रद्द झाले. माझा थोरला मुलगा साताऱ्यात जन्मला. आमची सून येथेच जन्मलेली, येथेच वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनेही त्या छायाचित्राविषयी विचारले. मी लष्कर आणि न्यायालय यांच्याविषयी बराच वेळ बोललो, ती आदराने ऐकत राहिली, आणि या कायद्यापाशी आल्यावर तिने मला थांबवून वर्षे पुन्हा विचारली. मग ती उठून छायाचित्रापाशी गेली आणि बराच वेळ तेथे उभी राहिली. आता पाहुण्यांनी विचारले तर उत्तर तीच देते, आणि सुरुवात विवियनपासून करते.