शून्यावं वर्ष

खानापुरात पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कॉमर्समधून केली, गणित दहावीलाच सुटलं. त्यामुळं इंग्लंडमध्ये कम्प्युटर सायन्स आणि सायबर सिक्युरिटीच्या पदवीला थेट प्रवेश मिळेना. फाउंडेशन इयर घेतलं: तीन वर्षांच्या पदवीआधी एक, एकूण चार. "एक वर्ष वाया गेलं की गं," काका म्हणाले. मला तसं अजिबात वाटत नाही.

लॉगॅरिदम, बायनरी, पायथन हे सगळं आहेच. पण जीव अडकला हॅशिंगमध्ये, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठराविक लांबीचा ठसा (हॅश) काढण्यात. एसएचए-२५६ या हॅशिंगच्या पद्धतीला एक शब्द द्या की अख्खं पुस्तक, उत्तर २५६ बिटांचंच. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, लिहिलं तर ६४ चिन्हं. मी आधी 'बेळगाव' दिलं, मग 'बेळगांव'. एका अनुस्वारानं अख्खी ओळ बदलली! त्या रात्री झोप लागली नाही. नीट बांधलेली यंत्रणा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, हॅश ठेवते. तरी सारख्या पासवर्डांचे हॅश सारखेच येतात आणि आधीच काढून ठेवलेल्या यादीत सापडतात, म्हणून प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळं 'सॉल्ट', म्हणजे आपोआप निवडलेली काही अक्षरं, मिसळायचं.

हे शिकायचं कारण घरचंच. बाबा पिग्मी गोळा करतात. त्यांच्या एका खातेदार आजींनी फोनवर ओटीपी सांगितला आणि साठवलेलं सगळं गेलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आता बाबांच्या पिग्मीच्या वहीवर तो नंबर लाल पेनानं लिहिलाय, आणि दारोदारी पैसे घेताना ते तो वाचून दाखवतात. कन्नडमधूनही.