चार्ल्स्टन: बाबांची घोडागाडी, आईचं सूप

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये घोडागाडीचा मार्ग ना तुम्ही ठरवता, ना गाडीवान. माणसं बसली की गाडी महापालिकेच्या टपरीपाशी थांबते, बिंगोसारखा चेंडू निघतो आणि नशिबात येईल त्या भागात फेरी होते. सगळ्या गाड्या एकाच गल्लीत घुसू नयेत म्हणून ही सोय. तिकीट काढताना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. बाबा रेनबो रोची 13 रंगीत घरं बघायला कॅमेरा सरसावून बसले होते आणि गाडी वळली भलतीकडेच! ती घरं ईस्ट बे स्ट्रीटवर आहेत, सकाळी चालत जाऊन फुकटात बघा.

फेरी वाया गेली असं मात्र नाही. भिंतींवरच्या लोखंडी चकत्या गाडीवानानेच दाखवल्या. 1886 च्या भूकंपानंतर तडकलेली घरं आरपार सळया घालून आवळली, त्या सळयांची ही टोकं. इथली जुनी घरं रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी असतात आणि रस्त्यावरचं दार उघडलं की घर नाही, लांबलचक व्हरांडा लागतो. बाबांना हे फारच आवडलं.

पण गुलामगिरी गाडीवानाने दोन वाक्यांत उरकली. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पायी सहल घेतली, आणि एकच काही घेणार असाल तर हीच घ्या. 1856 मध्ये शहराने उघड्यावर माणसं विकायला बंदी घातली. विक्री थांबली नाही, भिंतींआड गेली. चामर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट त्यातलंच, आता संग्रहालय आहे. त्या रस्त्यावर गोटे आहेत. चपला नकोत, बूट घाला.

सिटी मार्केटमध्ये गल्ला, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातल्या, बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणत बसतात. एक रुंद, उथळ टोपली बघून आई म्हणाली, "अगं, हे तर सूपच!" आणि तिथेच पाखडायचा हात करून दाखवला. विणणारी बाई खळखळून हसली. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी इथली भातशेती उभी केली, भात पाखडायला याच टोपल्या होत्या. किमती चढ्या आहेत, पण घासाघीस करू नका. एकेका टोपलीमागे कित्येक दिवस जातात.

बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्याच्या बोटफेरीला सव्वादोन तास धरा. उन्हाळ्यात सगळं सकाळी उरका, दुपारी दमटपणाने जीव जातो. गाइडला 15-20 टक्के टिप द्यायची पद्धत आहे, सुटे डॉलर जवळ ठेवा.